फुलपाखरं आणि पतंग: ओळख पटेल असा फोटो कसा काढायचा

फोटो देखणा असतो. फुलपाखरू लख्ख दिसतं, मागची हिरवळ छान धूसर झालेली असते, आणि तरीही नाव सांगता येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. नाव ज्या बाजूवरून ठरतं, ती बाजू फोटोत आलेलीच नसते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने एक क्रम अंगवळणी पाडून घ्यावा: आधी पुराव्याचे फोटो, मग देखणे फोटो. पुरावा हाती आला की पार्श्वभूमी, कोन, कोवळा प्रकाश यांच्यामागे हवं तेवढं लागा.

फुलपाखरू की पतंग?

दोघांचाही गण एकच, लेपिडॉप्टेरा, म्हणजे खवल्यांचे पंख असलेले कीटक. बोटाला लागते ती ‘पावडर’ म्हणजे हे खवलेच. या गणात आजवर नोंदलेल्या जाती दीड लाखाहून अधिक आहेत आणि त्यांत फुलपाखरं जेमतेम १८ ते २० हजार. बाकी सगळे पतंग. तेव्हा समोरचा जीव कधी पाहिलेला नसेल, तर तो पतंग असण्याची शक्यता धरूनच चाला.

दिवसा उडतं ते फुलपाखरू आणि रात्री उडतो तो पतंग, हा शाळेतला नियम पहिल्या काही दिवसांतच मोडतो. फुलासमोर हवेत तरंगत लांब सोंडेने रस पिणारा हॉक मॉथ भर दुपारी दिसतो, आणि कॉमन इव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू संध्याकाळी कातरवेळी उडतं, कधीकधी दिव्यावरही येतं. रंगावर तर अजिबात जाऊ नका. दिवसा उडणारे कितीतरी पतंग फुलपाखरांपेक्षा भडक असतात.

बघायच्या त्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा. फुलपाखराच्या शृंगिकेच्या टोकाला गाठ असते, आगकाडीच्या गुलासारखी. स्किपर नावाच्या फुलपाखरांत ही गाठ पुढे आकड्यासारखी वळलेली असते. पतंगांच्या शृंगिका दोऱ्यासारख्या बारीक किंवा पिसासारख्या, कंगव्यासारख्या असतात. अपवाद आहेतच. बर्नेट गटातल्या पतंगांच्या शृंगिका टोकाकडे चांगल्या जाड होतात. तरीही निर्णय करायला यापेक्षा सोपी खूण दुसरी नाही. म्हणून शृंगिकांचं टोक फोटोत स्पष्ट आलंच पाहिजे.

बसण्याची ढब ही दुय्यम खूण. फुलपाखरं बहुधा पंख पाठीवर मिटून उभे धरतात, तर पतंग ते छपरासारखे उतरते किंवा सपाट ठेवतात. पण काही स्किपर पानाखाली पंख सपाट पसरून बसतात आणि काही पतंग पंख उभे मिटतात. एवढ्या एका खुणेवर पैज लावू नये.

पंखाचा नकाशा

पंख चार: दोन पुढचे, दोन मागचे. प्रत्येकाला वरची आणि खालची बाजू. पंख उघडले की दिसते ती वरची बाजू, मिटून उभे धरले की दिसते ती खालची. इथे नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. ‘वरची बाजू’ ऐकलं की त्यांना वरच्या अंगाला दिसणारा, म्हणजे पुढचा पंख वाटतो. वर्णन वाचताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: कुठला पंख, आणि त्याची कुठली बाजू?

पंख जिथे छातीला जोडलेला असतो ते मूळ. पुढच्या पंखाचं लांब टोक ते शिखर. शरीरापासून सर्वांत लांबची कड ती बाहेरची कड, आणि तिच्यावरची बारीक केसांची झालर हीसुद्धा ओळखीत कामी येते. मुळापासून पंखाच्या मध्यापर्यंत शिरांनी बंदिस्त झालेला एक लांबट भाग असतो, त्याला सेल म्हणतात. ‘पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला सेलमध्ये दोन ठिपके’ असं वाक्य वाचल्यावर फोटोतल्या नेमक्या जागी बोट ठेवता आलं, की निम्मी वाट सरली. एखाद्या मोठ्या फुलपाखराचा फोटो छापून त्यावर पेनाने हे भाग आखून बघा. तासाभराचं काम आहे, पण वाचलेलं प्रत्येक वर्णन त्यानंतर वेगळं वाटू लागतं.

एका फुलपाखराचे चार फोटो

मिळतील त्या क्रमाने, पण चारही मिळवायचा प्रयत्न करा.

१. पंख मिटलेले असताना अगदी बाजूने, म्हणजे खालची बाजू.
२. पंख उघडलेले असताना बरोबर वरून.
३. डोकं आणि छाती जवळून: डोळा, शृंगिका, पाय, शरीराचा रंग.
४. थोडं लांबून, ते ज्या झाडावर किंवा जमिनीवर बसलंय त्यासकट.

एकच फोटो मिळणार असेल तर? लहान निळी फुलपाखरं, ग्रास यलो, स्किपर आणि डोळ्यांसारखे ठिपके असलेली तपकिरी फुलपाखरं यांच्यासाठी खालची बाजू. या गटांत वरची बाजू सगळ्यांची जवळपास सारखी असते, किंवा ती पंख उघडतच नाहीत. पॅन्सी, एगफ्लाय अशांची वरची बाजूही तितकीच बोलकी असते.

जवळ जाताना

फुलपाखराला स्वतःच्या शरीराची उष्णता पुरत नाही. उडण्याआधी त्याला उन्हात पंख पसरून छातीचे स्नायू तापवावे लागतात. म्हणून सूर्य वर आल्यानंतरचे पहिले दोन तास सोन्यासारखे. ती पंख उघडून बसतात, आणि सुस्त असतात. उन्हं तापली की तीच फुलपाखरं दोन सेकंद एका जागी थांबत नाहीत.

चालण्याचा वेग नव्हे, हालचालीचा झटका फुलपाखराला बिचकवतो. त्याचे डोळे जवळपास सगळीकडचं बघतात, तेव्हा ‘मागून गेलो’ याने फारसं काही साधत नाही. खाली वाका, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर तुमची आकृती हलताना दिसणार नाही. कॅमेरा आधीच डोळ्याला लावून पुढे सरका, कारण शेवटच्या क्षणी हात वर उचलला की ते उडतं. आणि सावली त्याच्या अंगावर पडू देऊ नका. सावली पडली की ते हमखास जातं.

दोन मीटरवर थांबून दोन-तीन फोटो घ्या. मग एक मीटरवर. मग अर्ध्यावर. पहिला फोटो फार लहान येतो, पण उडून गेल्यावर हातात तेवढाच उरतो आणि कितीतरी वेळा नाव ठरवायला तो पुरतो.

ते फुलावर उतरल्या उतरल्या धावू नका. सोंड उलगडून फुलात घातलेली दिसली की मग पुढे व्हा. रस पिताना त्याचं भान कमी असतं. ओल्या माती-वाळूवर क्षार शोषत बसलेली फुलपाखरं, म्हणजेच चिखलपान करणारी, ही तर मेजवानीच. त्यांत बहुतेक नर असतात आणि ते सोडियमसाठी तिथे आलेले असतात. सरळ पोटावर आडवे व्हा. थवा उडाला तर उठू नका, पाच-दहा मिनिटांत त्यातली बरीचशी परत येतात. पॅन्सीसारखी हद्द राखणारी फुलपाखरंही ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येऊन बसतात. पाठलाग केला तर दोघंही दमतात. त्या जागेसमोर फोकस लावून बसलेलं बरं.

कॅमेरा आणि फोन

उपकरणावर अडून राहू नका. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स सर्वांत सोयीची, कारण ती लहान निळ्या फुलपाखरालाही चौकटभर आणते. ३०० मिमीपर्यंतची झूम लेन्स मोठ्या आणि बुजऱ्या फुलपाखरांना उत्तम. झूम लेन्सच्या तोंडावर +२ डायॉप्टरची क्लोज-अप लेन्स लावली, की फोकस अनंतावर ठेवूनही अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट येते. मॅक्रोपेक्षा हे बरंच स्वस्तात भागतं.

फोनवाल्यांचं एक दुखणं ठरलेलं आहे. जवळ गेल्याबरोबर फोन आपोआप वाइड लेन्सच्या मॅक्रोवर जातो, मग तीन-चार सेंटीमीटरवर जावं लागतं आणि तिथवर फुलपाखरू थांबत नाही. सेटिंगमध्ये जाऊन आपोआप येणारा मॅक्रो बंद करा, २ किंवा ३ पटीची लेन्स निवडा, ३०-४० सेंटीमीटरवर राहा आणि नंतर क्रॉप करा. फुलपाखरावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा, उजेड थोडा खाली ओढा, आणि एका दमात दहा-पंधरा फोटो घ्या. वाऱ्याने डोलणाऱ्या फुलावर त्यातला एखादा धड येतो.

कॅमेऱ्यात बसलेल्या फुलपाखरासाठी शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवा. स्वॅलोटेल गटातली मोठी फुलपाखरं रस पितानाही पंख फडफडवत राहतात, त्यांना १/१००० ते १/२००० लागतो. उडत्या फुलपाखरासाठी १/२००० पासून पुढे, आणि बरंचसं नशीब. ॲपर्चर एफ ८ ते एफ ११. त्याहून फार पुढे, एफ १६ च्या पलीकडे, फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढं स्पष्ट येतं तेवढी जाडी, वाढते पण प्रकाशाच्या विवर्तनाने खवल्यांचा बारकावा जातो. आयएसओ ८०० किंवा १६०० ला घाबरू नका. दाणेदार फोटोवरून नाव ठरतं, हललेल्या फोटोवरून नाही.

आता सगळ्यांत जास्त फोटो वाया घालवणारी गोष्ट. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ ८ ला, सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी पडत असेल तर फोकसची खोली साधारण १ मिमी असते. निम्म्या आकाराची पडत असेल तर ३ मिमीच्या आसपास. पंख ४० मिमी रुंद आहे आणि कॅमेरा फक्त ५ अंश तिरका आहे असं धरा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंतराचा फरक साडेतीन मिमी होतो. म्हणजे डोळा धारदार आणि मागच्या पंखाचे ठिपके पुसट. नाव त्या ठिपक्यांवर असतं! उपाय ॲपर्चर आवळण्यात नाही, गुडघ्यात आहे. सेन्सर पंखाला समांतर येईपर्यंत स्वतः सरका, झुका, एक पाऊल बाजूला व्हा. मिटलेल्या पंखांच्या फुलपाखरात हे लवकर जमतं, कारण सगळा पंख एकाच प्रतलात असतो.

उजेडाचं गणित उलटं वाटतं. गर्द हिरव्यावर पांढरं फुलपाखरू असेल, तर कॅमेरा अंधार आहे असं समजून फोटो उजळतो आणि पंखावरच्या फिकट शिरा जळून जातात. एक्सपोजर ०.७ ते १ स्टॉपने कमी करा. उन्हात चकाकणाऱ्या पानावर काळं कॉमन क्रो असेल तर तेवढंच वाढवा. जळालेला पांढरा भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. अंधारलेला बराचसा येतो.

निळ्या-जांभळ्या चकाकीबद्दल सावध राहा. ही चकाकी बहुधा रंगद्रव्याची नसून खवल्यांच्या बारीक रचनेची असते, त्यामुळे कोन बदलला की दिसते किंवा नाहीशी होते. एगफ्लायच्या पंखांवरची निळाई एका कोनातून झगमगते आणि पाव फेरी मारली की गायब. अशा वेळी दोन कोनांतून फोटो घ्या. फ्लॅश वापरलाच तर त्यापुढे पांढरा डिफ्यूझर हवा, नाहीतर खवल्यांवर पांढरे चट्टे उठतात.

आधी कुळ, मग नाव

पुस्तकाची पानं उलटत चित्राशी चित्र जुळवत बसणं हा सर्वांत लांबचा रस्ता. आधी कुळ ठरवा.

मोठं, बहुधा शेपटीवालं, फुलावरही पंख फडफडवणारं: स्वॅलोटेल. मध्यम, पांढरं किंवा पिवळं, सहा पाय स्पष्ट: व्हाइट आणि यलो. चारच पायांवर उभं दिसणारं, पुढचे दोन पाय आखडून छातीशी धरलेले: निम्फॅलिड, म्हणजे टायगर, क्रो, पॅन्सी, ब्राऊन ही सगळी मोठी बिरादरी. नखाएवढं, खालच्या बाजूला बारीक नक्षी, मागच्या पंखाला कधी केसासारख्या शेपट्या: ब्लू. यातली शेपट्यांची फुलपाखरं मागचे पंख एकमेकांवर घासत राहतात, त्यामुळे शेपट्या शृंगिकांसारख्या हलतात आणि शत्रू चुकीच्या टोकाला चोच मारतो. जाडजूड शरीर, रुंद डोकं, आकडेवाली शृंगिका, झटक्याने उडणारं: स्किपर. एवढ्यात बहुतेक फुलपाखरं बसतात.

कुळ कळल्यावर खरी गंमत सुरू होते, कारण सारखी दिसणारी जोडी प्रत्येक कुळात असते. तीन उदाहरणं नीट पाहू.

*कॉमन मॉर्मनची मादी.* नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी माळ. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझची नक्कल करणारी, तिसरी क्रिमझन रोझची. रोझ फुलपाखरं विषारी असतात, पक्षी त्यांना टाळतात, आणि मॉर्मनची मादी तोच मुखवटा घालून फिरते. पंखांकडे बघून फसायलाच होतं. बघायचं ते शरीर. रोझच्या डोक्यावर आणि पोटावर लाल रंग असतो, मॉर्मनचं शरीर काळं. मेख अशी, की बरोबर वरून घेतलेल्या फोटोत रोझची पाठही बरीच काळी दिसते. लाल रंग कळतो तो बाजूने. चारांतला तिसरा फोटो नसेल तर इथे घोडं अडतं.

*प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी.* दोन्ही नारिंगी, शिखर काळं, त्यावर पांढरा पट्टा. मागच्या पंखाच्या वरच्या बाजूचे काळे ठिपके मोजा. प्लेन टायगरच्या मादीला मध्यावर तीन, नराला गंधखवल्यांचा एक धरून चार. एगफ्लायच्या मादीला पुढच्या कडेजवळ एकच. डॅनेड एगफ्लायचा नर तर या कशातच बसत नाही. तो काळा असतो आणि त्यावर निळसर कडांचे मोठे पांढरे ठिपके असतात. मादीशेजारी नर बसलेला दिसला, तर दोन वेगळी नावं लिहू नका.

*ग्रास यलो.* गवतावरून खाली खाली उडणारी लहान पिवळी फुलपाखरं, बसल्यावर पंख मिटलेलेच. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला सेलमधले ठिपके मोजायचे: वन-स्पॉटला एक, कॉमनला सहसा दोन, थ्री-स्पॉटला तीन. अडचण अशी, की विसावल्यावर पुढचा पंख मागच्याच्या आड सरकतो आणि सेल झाकला जातो. नुकतं बसलेलं किंवा रस पीत असलेलं असताना पुढचा पंख वर असतो, तेव्हा फोटो घ्या. दुसरी युक्ती: सूर्य फुलपाखराच्या पलीकडे राहील असे उभे राहा. उन्हात पिवळा पंख पारदर्शक होतो आणि वरच्या बाजूच्या काळ्या किनारीचा आकार आरपार दिसतो. न उघडणाऱ्या पंखाची वरची बाजू पाहायचा हा एकमेव सभ्य मार्ग.

ऋतूही फसवतो. इव्हनिंग ब्राऊनच्या पावसाळी रूपाच्या पंखाखाली ठळक डोळे असतात. कोरड्या ऋतूत तीच जात डोळे पुसून वाळक्या पानासारखी होते, आणि दोन फोटो शेजारी ठेवले तर एक जात वाटत नाहीत. पीकॉक पॅन्सीच्या पंखांच्या कडा कोरड्या ऋतूत टोकदार होतात. म्हणून फोटोची तारीख ही ओळखीचाच भाग आहे. झिजलेल्या फुलपाखराची झालर गेलेली असते, शेपट्या तुटलेल्या असतात, रंग उडालेला असतो. ‘शेपटी नाही’ असं लिहिण्याआधी तिथे तुटल्याची खूण आहे का, ते बघा.

ॲपने सुचवलेलं नाव ही सूचना समजा, निकाल नव्हे. यंत्र फोटोत दिसतं तेवढ्यावर बोलतं. झाकलेल्या सेलमध्ये किती ठिपके आहेत, हे त्यालाही माहीत नसतं. सुचवलेल्या नावाच्या जवळच्या जाती काढा आणि फरकाची खूण आपल्या फोटोत दिसते का, ते तपासा. दिसत नसेल तर ‘युरेमा (ग्रास यलोंचं गटनाव), जात अनिश्चित’ असं लिहून मोकळे व्हा. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा बरोबर असलेलं मोघम नाव केव्हाही चांगलं.

पतंगांसाठी पांढरी चादर

दीड बाय दोन मीटरची पांढरी सुती चादर दोन झाडांमध्ये ताणून बांधा. खालचा हातभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण बरेच पतंग चादरीवर न बसता खाली पडतात. चादरीच्या पुढे २०-३० सेंटीमीटरवर दिवा टांगा. साध्या पांढऱ्या एलईडीवर फार थोडे येतात. पतंगांना ओढतो तो अतिनील आणि निळा प्रकाश, म्हणून अतिनील एलईडी, ब्लॅकलाइट नळी किंवा मर्क्युरी व्हेपर दिवा. मर्क्युरी दिवा सर्वांत जोरात ओढतो, पण भयंकर तापतो आणि त्यावर पावसाचा थेंब पडला तर काच फुटते. अतिनील दिव्याकडे टक लावून बघू नका. त्या चादरीसमोर तासन्‌तास थांबायचं असेल तर अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला.

रात्र निवडून घ्या: उबदार, दमट, ढगाळ, वारा नसलेली, अमावस्येच्या आसपासची. पौर्णिमेच्या लख्ख चांदण्यात चादर ओस पडते. दिवेलागणीला सुरुवात करा. आधी किरकोळ पतंग आणि भुंगेरे येतात, सॅटर्निड कुळातले मोठे पतंग बहुधा मध्यरात्रीनंतर. चादरीजवळ पाय टाकण्याआधी जमीन बघा.

दिव्याकडे न फिरकणाऱ्या काही पतंगांसाठी अतिपक्व केळी गुळात कुस्करून एक-दोन दिवस आंबवा आणि संध्याकाळी ते मिश्रण झाडाच्या खोडांवर हात-दोन हात पट्ट्यात फासा. दर अर्ध्या तासाने मंद टॉर्च घेऊन फेरी मारा. मुंग्या आधी पोचल्या तर खोड बदला.

चादरीवरच्या फोटोत दोन चुका ठरलेल्या. पांढऱ्या कापडामुळे कॅमेरा फोटो काळवंडतो, तेव्हा एक्सपोजर साधारण १ स्टॉपने वाढवा. आणि विजेच्या दिव्याच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवा. अतिनील प्रकाशात सगळं निळंजांभळं दिसतं, म्हणून खरा रंग हवा असेल तर डिफ्यूझर लावलेला फ्लॅश वापरा, किंवा पतंग चादरीवरून बाजूच्या खोडावर गेला की साध्या टॉर्चच्या उजेडात फोटो घ्या.

बसण्याच्या आकारावरून गट लवकर ओळखता येतो. पंख भिंतीला चिकटवल्यासारखे सपाट पसरलेले असतील तर बहुधा जिओमेट्रिड. जेट विमानासारखा मागे वळलेला निमुळता आकार म्हणजे हॉक मॉथ. पुढे नाकासारखं टोक आलेला लहान त्रिकोण म्हणजे क्रँबिड. इंग्रजी टी अक्षरासारखा बारीक, काडीसारखा तो प्लूम मॉथ. तळहाताएवढा, पंखांवर डोळे असलेला तो सॅटर्निड. या सॅटर्निडांना प्रौढावस्थेत खाता येत नाही, कारण त्यांची तोंडं कामाचीच नसतात. सुरवंट असताना साठवलेल्यावर ते आठवडाभर जगतात.

बऱ्याच पतंगांचे मागचे पंख पुढच्यांखाली झाकलेले असतात, आणि कधी नेमका तिथेच भडक नारिंगी रंग असतो. काडीने पंख उचलू नका. उडण्याआधी पतंग स्नायू तापवायला पंख थरथरवतो, तेव्हा मागचे पंख क्षणभर दिसतात. बर्स्टवर, म्हणजे एका दमात अनेक फोटो घेणाऱ्या मोडवर, बोट ठेवून वाट बघा. आकारासाठी शेजारी ५ मिमी चौकटींचा आलेखकागद टोचून ठेवा आणि पुढच्या पंखाची मुळापासून शिखरापर्यंतची लांबी लिहून घ्या. चादरीच्या फोटोत १२ मिमीचा आणि ३० मिमीचा पतंग सारखाच दिसतो.

पतंगांत हे मान्य करावंच लागतं, की कितीतरी जाती फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. त्यांचा फरक जननेंद्रियांच्या रचनेत असतो आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. तिथे कुळाशी किंवा प्रजातीगटाशी थांबलेली नोंदही पक्कीच असते.

दिवा उजाडण्याच्या बऱ्याच आधी मालवा. पहाटेपर्यंत चालू राहिला, तर थकलेल्या पतंगांची पक्ष्यांना आयती न्याहारी होते. चादर झटकू नका. उरलेले पतंग मऊ ब्रशने झुडपात उतरवा, आणि त्याच जागी लागोपाठ रात्री दिवा लावू नका.

हात लावण्याबद्दल

फ्रिजमध्ये थंड करून फोटो काढलेलं फुलपाखरू जाणकाराला लगेच कळतं. पाय आखडलेले, फुलावर नुसतं ठेवल्यासारखं. असा फोटो नोंदीला निरुपयोगी आणि त्या जिवाला घातक. केसाळ आणि काटेरी सुरवंटांना बोट लावू नका, काहींच्या केसांनी अंगाची आग होते. कोशातून नुकत्याच निघालेल्या फुलपाखराला पंख ताणून वाळवायला अवकाश लागतो. त्या वेळात फांदी हलवली आणि ते पडलं, तर पंख कायमचे वाकडे राहतात.

नाव विचारताना सोबत काय द्यायचं

तारीख आणि वेळ, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, परिसर कसा होता, कोणत्या झाडावर होतं, काय करत होतं, आकार किती. सुरवंट असेल तर तो ज्या झाडाची पानं खात होता त्याचा वेगळा फोटो: पान, खोड, फूल. अनेक सुरवंट ठरावीक झाडांवरच वाढतात, त्यामुळे झाड कळलं की यादी एकदम आखडते. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, एवढं आधी बघून घ्या. चुकलेल्या वर्षाचे फोटो नंतर फार घोळ घालतात.

एका नोंदीत एकाच जिवाचे फोटो. शेजारच्या फुलावरचं दुसरं तसंच दिसलं तरी त्याची नोंद वेगळी, कारण ‘तसंच’ असलेलं ते बऱ्याचदा वेगळीच जात निघतं. क्रॉप बेलाशक करा, पण रंगाचा भडकपणा वाढवू नका, फोटो आडवा उलटवू नका, आणि मूळ फाइल जपून ठेवा. दुर्मीळ जात असेल तर अचूक जागा जाहीर करू नका, तिथे गोळा करणारेही पोचतात.

‘हे कोणतं?’ एवढंच विचारू नका. ‘सेलमध्ये दोन ठिपके दिसतात म्हणून कॉमन ग्रास यलो वाटतं, पण किनार दिसत नाही’ असं विचारा. उत्तर देणाऱ्याला नेमकं कुठे बघायचं ते कळतं, आणि तुम्ही चुकला असाल तर कुठल्या पायरीवर चुकलात तेही.

न ओळखता आलेले फोटो पुसू नका. त्यांचा वेगळा फोल्डर करा, फाइलच्या नावात तारीख, जागा आणि कुळ घाला, आणि वर्षातून एकदा तो उघडा. तोवर तुम्हाला सेल कुठे असतो हे न बघता सांगता येत असतं, आणि त्यातले काही फोटो पहिल्या नजरेत सुटतात.